आधी व्हीसीआर वाचवा, कॅसेटींचं नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल कशा करायच्या यावर अर्धं पान आलं होतं, ते वाचून गावात बऱ्याच जणांनी माळे उघडले असणार म्हणून घाईघाईनं लिहायला बसले. त्यात लिहिलंय की माळ्यावरचा व्हीसीआर काढा, धूळ पुसा, व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरात घेणारा, ऑनलाइन पाचशे-सातशेला मिळतो तो यूएसबी डोंगल घ्या, कॅसेट टाका, प्ले दाबा, झालं काम. बाकी सगळं करा पण ते प्ले तेवढं दाबू नका, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

आमच्या घरात नव्वदीत लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. आमचे मिस्टर खांद्यावर पॅनासॉनिकचा तो भलामोठा कॅमेरा घेऊन, हॅलोजन धरायला धाकटे दीर, आणि घरी दोन व्हीसीआर, एक मिक्सर नि टीव्ही मांडून मिक्सिंगला मी. वरात निघाली की कुठलं गाणं, पाठवणीला कुठलं, बदामाच्या आकारात नवरा-नवरी कधी आणायची, नावं कुठल्या रंगात फिरवायची हे सगळं माझ्याकडं. आता पोरं हसतात त्या बदामाला, हसू देत, त्या वेळी त्याचेच जादा पैसे मिळायचे आणि बदाम कमी पडले म्हणून भांडायला आलेली गिऱ्हाइकं मी बघितलीयत. सांगायचं काय, तर या मशीनच्या पोटात काय चालतं ते मी रात्र-रात्र जागून बघितलेलं आहे.

व्हीसीआरमध्ये कॅसेट टाकली की ती नुसती आत जाऊन बसत नाही. मशीन तिचं झाकण उचलतं, आतली अर्धा इंच रुंदीची टेप बाहेर ओढून घेतं आणि एका तिरक्या बसवलेल्या ड्रमभोवती गुंडाळतं, हा ड्रम आपल्याकडच्या म्हणजे पाल पद्धतीच्या मशीनमध्ये मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो आणि त्याच्या कडेला नखाच्या कोपऱ्यापेक्षा बारीक अशी हेडं असतात, ती टेपवरनं तिरकी फिरत चित्र वाचतात. टेप पुढं ढकलायचं काम एक रबरी चाक करतं, त्याला पिंच रोलर म्हणतात, आणि वापरलेली टेप परत गुंडाळून घ्यायचं काम रबरी पट्टे नि आयडलर करतात. म्हणजे सगळा खेळ रबरावर, आणि पंचवीस-तीस वर्षं सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेलं रबर आपल्याकडच्या कडक भाकरीसारखं होतं. मग होतं काय, की ड्रम फिरतो, टेप बाहेर येते, पण गुंडाळून घेणारी बाजू फिरतच नाही, टेप आत ढीग होऊन पडत राहते आणि तुम्ही बाहेर चित्र बघत बसलेले असता. इजेक्ट दाबलं की कॅसेट अर्धी बाहेर आणि टेप मशीनच्या दातात. चुरगाळलेली टेप सरळ करता येते पण तिथली घडी चित्रातनं जात नाही, आणि ती जागा नेमकी अक्षता पडतानाची निघते, का कुणास ठाऊक.

म्हणून माळ्यावरनं काढलेल्या व्हीसीआरमध्ये पहिली कॅसेट घरची कधीच टाकायची नाही. कुठल्यातरी पिक्चरची, फेकली तरी चालेल अशी कॅसेट टाकायची, वरचं कव्हर उघडं ठेवून दोन्ही रिळं फिरतायत का बघायचं, फॉरवर्ड-रिवाइंड करून बघायचं, कुठं चिरचिर आवाज येतो का ऐकायचं. आणि हे ज्याला यातलं कळतं त्यानंच करायचं, कारण पॉवर सप्लायच्या भागात वायर काढल्यावरसुद्धा करंट साठलेला असू शकतो. पॉवर सप्लायमधले कपॅसिटरही इतक्या वर्षांत सुकलेले असतात, मशीन चालू होतं नि दोन मिनिटांत बंद पडतं ते बहुतेक त्यामुळं.

हेड साफ करायचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त मशीनं इथंच मारली जातात. चित्रावर पांढरे तुषार आले की लोक कानातले कापसाचे बड घेऊन घासायला लागतात. कापसाचा धागा हेडच्या फटीत अडकतो आणि हेड तुटतं, ते तुटलं की नवीन कुठनं आणणार? आमच्याकडं जे मेकॅनिक अण्णा यायचे ते पिंपातनं काढल्यासारखे घामाघूम यायचे, आधी पंख्याखाली पाच मिनिटं हात वाळवायचे आणि मगच कव्हर उघडायचे. कोऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब, पट्टी ड्रमच्या कडेला नुसती टेकवून धरायची, दाबायची नाही, नि दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग हळूहळू फिरवायचा. पट्टी हलवायची नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली तर कधीच घासायचं नाही. कागदावर तपकिरी रेघ उमटायची ती मला दाखवायचे, "बघा वहिनी, ही कुणाच्या तरी लग्नाची पावडर." ते अल्कोहोल आता मोबाइल रिपेअरवाल्यांकडं सहज मिळतं, पण ती हाताची चाल मिळत नाही. अण्णा आता नाहीत. त्यांच्या बरोबरीचे जे दोघं-तिघं गावात आहेत ते सत्तरीच्या पुढचे आहेत, एकाला जवळचं दिसत नाही, एकाचा हात थरथरतो, आणि त्यांच्या पोरांनी मोबाइलचं नाहीतर सीसीटीव्हीचं दुकान टाकलंय, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

माझा मुद्दा हाच आहे. सगळे कॅसेटींची काळजी करतायत, कॅसेट खराब होईल, टेप सडेल. होते ना खराब, नाही असं नाही. पण आपली सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळं कोकणातल्या नाहीतर मुंबईच्या घरातल्या कॅसेटींना जशी बुरशी लागते तशी आपल्याकडं कमी. बघायचं असेल तर कॅसेटच्या खिडकीतनं रिळाच्या कडेला उजेडात बघा, पांढरट भुरभुर दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका कारण ती हेडला लागते नि पुढच्या कॅसेटला जाते. रीळ काळंभोर गुळगुळीत दिसलं तर टेप बहुतेक वाजते. आमच्या स्वतःच्या लग्नाची आणि धंद्यातल्या जुन्या कॅसेटी आजही वाजतात, रंग जरा सांडतात, लाल साडी बाहेर ओघळल्यासारखी दिसते, पण माणूस ओळखू येतो, आवाज येतो. टेप अजून तग धरून आहे, वाजवणारं मशीन आणि मशीन दुरुस्त करणारा माणूस दोन्ही हातातनं निसटतायत.

आणि नवीन मशीन येणार नाही. व्हीएचएस, म्हणजे आपल्या या कॅसेटींची पद्धत, जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली आणली आणि चाळीस वर्षांनी, २०१६ च्या जुलैत, फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवायचं थांबवलं, जगात शेवटी तेच बनवत होते. फुनाई हे नाव वाचून आमच्या वयाच्या लोकांना हसू येईल, कारण गणपतीत नाहीतर कुणाच्या बारशाला गल्लीत भाड्यानं आणायचो तो व्हीसीपी, म्हणजे नुसता वाजवणारा, रेकॉर्ड न करणारा, बहुतेक वेळा फुनाईचाच असायचा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत जे टेपवरनं उतरवून घेतलं नाही त्यातलं बरंचसं गेलंच म्हणून समजा, टेप खराब होणं हे एक कारण आणि मशीन, सुटे भाग नि ते चालवणारी माणसं न उरणं हे दुसरं. युनेस्कोनंही २०१९ मध्ये हाच इशारा दिला. ती २०२५ ची तारीख तर होऊन गेली, आणि आपण भंगारवाल्याला व्हीसीआर किलोवर घालतोय. परवा आमच्याच गल्लीत हातगाड्यावर एक चांगला भरभक्कम व्हीसीआर कुकरच्या झाकणांखाली पडलेला मी बघितला, मागे लागून घेतला, चालू होत नाही पण त्याचा पिंच रोलर मऊ आहे, तेवढ्यासाठी तरी सोनं आहे तो.

आता डोंगलचं. तो स्वस्तातला डोंगल अगदीच वाईट असं मी म्हणणार नाही, पण जुन्या टेपचं चित्र थरथरतं आणि या डोंगलला ते सहन होत नाही, तो मधल्या फ्रेम सोडून देतो, आवाज मात्र चालू राहतो, मग तासाभरानं भटजींचे ओठ वेगळे नि मंगलाष्टका वेगळ्या. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर चित्र स्थिर करून पुढं देतात, ते व्हीसीआर आणि डोंगलच्या मध्ये लावले तर खूप फरक पडतो. सोनीच्या काही डिजिटल-एट कॅमेऱ्यांतही व्हीसीआरची वायर लावून चित्र थेट डिजिटल होऊन निघतं, फक्त ते फायरवायरच्या वायरीतनं निघतं आणि आताच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं, म्हणजे परत कुणाच्या तरी कपाटातला जुना कॉम्प्युटर शोधा. त्या पद्धतीनं तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तीन तासांची कॅसेट म्हणजे चाळीस जीबीच्या घरात. आणि तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्याला शॉर्टकट नाही, मधे लाइट गेली की परत पहिल्यापासनं. आपल्याकडच्या लाइटीचं मी काय सांगू!

अजून एक, टीव्हीवर निळा पडदा आला म्हणजे कॅसेट कोरी असं धरून चालू नका. नवीन टीव्हीला सिग्नल जरा डळमळीत मिळाला की तो निळा नाहीतर काळा पडदा टाकतो, तीच कॅसेट जुन्या डब्बा टीव्हीवर लावली तर माणसं दिसतात. अमेरिकेतनं मामा-काकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी पद्धतीची असते, आपल्या साध्या व्हीसीआरवर ती धड दिसत नाही, तिला दोन्ही पद्धतीचं मशीन लागतं. यातल्या किती कॅसेटी "खराब झाल्या" म्हणून कचऱ्यात गेल्या असतील देव जाणे.

दुकानांबद्दल लिहिते, नाव कुणाचंच घेत नाही. आमच्या नणंदेनं एका मोठ्या शहरातल्या दुकानात दोन कॅसेटी दिल्या, पेनड्राइव्ह आला, लावून बघितला तर सगळे आडवे सुजलेले, कारण जुनं चित्र चारास तीन मापाचं असतं ते ओढून सोळास नऊ करून टाकलेलं, आणि कुणी हललं की कडेला कंगव्यासारख्या रेघा. जुन्या व्हिडिओत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, एकदा एक-तीन-पाच ओळी, एकदा दोन-चार-सहा, ती नीट जुळवून घेतली नाहीत की या रेघा येतात. हे काम करायची सोय फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा आहे, पण करायचं कोण. दुसरीकडं एकानं तर टीव्हीसमोर मोबाइल स्टँडला लावून रेकॉर्डिंग करून दिलं, मधे त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येतो. आणि आता नवीन फॅड, फोर-के मध्ये करून देतो. अहो व्हीएचएसमध्ये मुळात आडवा बारकावा असतो अडीचशे ओळींच्या आतबाहेर, फोर-के कुठनं आणणार? एआय लावतात आणि चेहरा गुळगुळीत करून देतात, एका ओळखीच्यांच्या आजीला नवीन भुवया आल्या, पोरं खूश, पण ज्यांनी आजीला बघितलंय ते गप्प बसले. करा हौस म्हणून, पण जसं आहे तसं निघालेली मूळ फाइल आधी मागून घ्या. आणि काम झालं म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. २००० च्या आसपास लोकांनी व्हीसीडी करून घेतल्या नि कॅसेटी टाकल्या, त्या व्हीसीडीतलं चित्र ३५२ बाय २८८ चं, म्हणजे मूळचं बरंच काही तिथंच गळालं, वर त्या सीड्याही आता चालत नाहीत.

एक गोष्ट बहुतेक गिऱ्हाइकांना माहीतच नसते म्हणून सांगते. तुमच्या घरी जी लग्नाची कॅसेट आहे ती कॉपी आहे. कॅमेऱ्यात जी शूट झाली ती मास्टर, ती शूटिंगवाल्याकडं राहायची, तिच्यावरनं गाणी-टायटल घालून मिक्सिंग व्हायचं आणि ते तुम्हाला मिळायचं, नातेवाइकांना अजून चार कॉप्या मागितल्या तर त्या कॉपीची कॉपी, दर वेळी रंग नि धार उतरत जायची. बऱ्याच मास्टर पुढच्या लग्नाला पुसून वापरल्या गेल्या कारण कोऱ्या कॅसेटी महाग, पण सगळ्या नाही. गावात त्या काळी शूटिंगचा धंदा केलेली जी घरं आहेत त्यांच्या माळ्यावर अजून मास्टरची पोती आहेत, आमच्याकडं पण आहेत. मिक्सिंगमध्ये जे आम्ही कापलं ते त्यात आहे. मंगल कार्यालयाबाहेर उभी राहिलेली माणसं, रस्ते, दुकानांच्या पाट्या, पूर्व भागातल्या लग्नांत मागं ऐकू येणारा यंत्रमागाचा खडखडाट, वरातीला कंटाळून कॅमेरा उगाच फिरवलेला टिळक चौक. गड्ड्याच्या म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी यांनी स्वतःच्या हौसेनं नंदीध्वज आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा शूट केलेला आहे, कुणी पैसे दिले नव्हते. एका कॅसेटीत मिलचा भोंगा आहे, मुलगी पाटावर बसताना मधेच वाजतो, तेव्हा नवऱ्यामुलाची आई वैतागलेली दिसते. २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली ती अख्ख्या गावानं मोबाइलवर घेतली, पण मिलच्या भोंग्याचा आवाज कुणाकडं आहे सांगा बरं?

तर माझी विनंती अशी आहे. आपल्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. यातल्या कुणीतरी एका खोलीत दोन धडके व्हीसीआर, एक जुना टीव्ही, एक कॉम्प्युटर एवढं मांडावं आणि लोकांकडनं बंद पडलेली मशीनं सुट्या भागांसाठी गोळा करावीत. पाच बंद मशीनांतनं एक चालू होतं, हे मला कुणी शिकवायला नको. जे दोघं-तिघं जुने मेकॅनिक आहेत त्यांना मानधन देऊन बसवावं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या चार पोरांना त्यांच्या शेजारी बसवावं. त्यांचा हात थरथरत असेल पण तोंडानं सांगता येतंय तोवर शिकून घ्या. याला फार मोठा निधी लागत नाही, आपल्याकडं गॅदरिंगच्या मांडवाला जास्त खर्च होतो.

आणि जिथं काम होईल तिथं एक पथ्य पाळावं लागेल. मास्टर आमच्याकडं असली तरी लग्न दुसऱ्याचं आहे. त्यातले काही संसार मोडलेत, काही माणसं गेलीत, कुणाला ते बघवणार नाही. त्यामुळं आधी त्या घरी विचारायचं, मगच उतरवायचं, आणि यूट्यूबवर टाकायची घाई नको. तसंही टाकलं तर आम्ही हौसेनं घातलेल्या पिक्चरच्या गाण्यांमुळं कॉपीराइटचा दावा येतो नि कधी आवाजच बंद होतो. रस्ते, यात्रा, मिल, मिरवणुका हे मात्र सगळ्यांचं आहे, ते वाचनालयात बसून बघता आलं पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. कॅसेटी माळ्यावरनं उतरवून घरातल्या थंड खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा, पुस्तकासारख्या उभ्या, आडव्या थप्पीत नको, स्पीकरजवळ नको. कॅसेटच्या पाठीला जो छोटा प्लॅस्टिकचा चौकोन असतो तो तोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसली जाणार नाही. वरती पेन्सिलीनं जे काही लिहिलंय ते आईवडील आहेत तोवर त्यांच्याकडनं वाचून घ्या, "शकू, दुसरा दिवस" म्हणजे कोण हे नंतर कुणी सांगणार नाही. आणि व्हीसीआर, व्हीसीपी, जुना कॅमेरा, त्याचे चार्जर, त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी यातलं काहीच भंगारात घालू नका.

हे पत्र गड्ड्याच्या आधी छापलंत तर बरं होईल, यात्रेला बाहेरगावची माणसं घरी येतात आणि माळ्यावर चढणारी तरणी पोरं तेव्हाच हाताशी असतात. वाचनालय किंवा कॉलेजपैकी कुणी पुढं आलं तर आमच्याकडचा तो मऊ पिंच रोलरवाला व्हीसीआर आणि मास्टरची पोती मी स्वतः आणून देईन, दोन माणसं तेवढी उचलायला पाठवा.

कळावे,
आपली एक वाचक,
जुळे सोलापूर